नदीपल्याडचे देव

देवाने आपल्या ठिकाणी स्थिर असावे आणि यात्रा माणसाने करावी, अशी आपली जुनी रीत. विठोबा विटेवर उभा असतो. चालतात ते वारकरी. परंतु गोमंतकात एक काळ असा येऊन गेला, की तेथे देवांनाच घर सोडून निघावे लागले. तेही छत्रचामरे ढाळीत नव्हे, तर अपरात्री, मूठभर माणसांच्या सोबतीने, नदी ओलांडून.

पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवे बेट घेतले आणि 1543 मध्ये साष्टी व बारदेश हे प्रांत त्यांच्याकडे गेले. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मविषयक चौकशीची, कचेरी बसली. पुढे 1567 मध्ये एकट्या साष्टीत अडीचशेंहून अधिक देवळे पाडली गेली. ज्यांना येणाऱ्या वादळाची चाहूल आधी लागली, त्यांनी आपले देव हलवले. झुवारीच्या काठावरील कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा मंगेश 1560 मध्ये पलीकडे प्रियोळास आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास. आज फोंड्याच्या परिसरात यात्रेकरू या सर्वांचे दर्शन एका दिवसात उरकतो. ही देवळे एवढी जवळजवळ कशी, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. एकाच संकटातून निघालेली ही बिऱ्हाडे शेजारीशेजारी विसावली, हे त्याचे उत्तर.

आणि विसावली ती कोणाच्या छायेत? नदीपलीकडचा हा अंत्रुज महाल तेव्हा विजापूरच्या आदिलशहाचा मुलूख होता. हिंदूंच्या देवांनी मुसलमान सुलतानाच्या हद्दीत आसरा घेतला! इतिहासाचे सरळ रेषेतले धडे शिकवणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला येथे जरा थबकावेच लागते. पुढे मराठ्यांचा अंमल त्या प्रदेशापर्यंत पोचला. 1739 मध्ये, रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या खटपटीने, पेशव्यांनी मंगेशी गाव देवस्थानास इनाम दिला. 1763 मध्ये फोंडा पोर्तुगीजांकडे गेला, पण तोवर त्यांचा पहिला आवेश ओसरला होता. या देवळांना धक्का लागला नाही.

आज मंगेशीच्या आवारात उभे राहावे. सात मजल्यांची शुभ्र दीपमाळ, पुढे तुळशीवृंदावन, आणि मागे घुमट. तो घुमट नीट पाहावा. त्याखालचा अष्टकोनी मनोरा, कठड्यांची नक्षी, खिडक्यांच्या कमानी, ही सारी वळणे नदीपल्याडच्या चर्चांतही दिसतात. ज्यांच्या भयाने देव घराबाहेर पडला, त्यांच्याच घडणीचा अंश त्याच्या नव्या घरात येऊन बसला, आणि भाविकांच्या डोळ्यांना तो कधी खुपला नाही.

वर्गात हा भाग शिकवताना एका मुलीने मला विचारले होते, “गुरुजी, देवाला पळावे का लागले? तो देव होता ना?” मी म्हणालो, “बाळ, देव पळाला नाही. माणसांनी त्याला नेले.” आपल्या शेतीभातीवर आणि पूर्वजांच्या घरावर पाणी सोडून, खांद्यावर फक्त देव घेऊन निघालेली ती माणसे होती. त्यांची नावे आज कुणाच्या ओठी नाहीत. त्यांचा धीर मोठा, यात शंका नाही. पण जे मागे राहिले त्यांचे काय? कोणाची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली असेल, कोणाचा जीव चार वाफ्यांत अडकलेला असेल. त्यांनी नवा धर्म घेतला आणि गावातच राहिले. एकाच अंगणातले दोन भाऊ नदीच्या दोन तीरांवर गेले. त्यांतल्या एकाला शूर आणि दुसऱ्याला भ्याड ठरवण्याचा अधिकार, चारशे वर्षांनंतर आरामखुर्चीत बसून, आपल्याला कोणी दिला?

याबाबत कुंकळ्ळी गाव आपल्याहून शहाणे आहे. जुलै 1583 मध्ये तेथल्या गावकऱ्यांनी पाच जेझुइट पाद्र्यांना ठार मारले. त्यांतला रुदोल्फो आक्वाव्हिव्हा हा तर नुकताच अकबराच्या दरबारातून परतलेला. त्याचा सूड म्हणून सोळा गावप्रमुखांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून घेतले. एक निसटला, पंधरा मारले गेले. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्यास गेली. एवढे रक्त सांडल्यावर त्या गावात कायमची तेढ उरावी, असेच कोणालाही वाटेल. पण दर वर्षी शिमग्याच्या दिवसांत देवी फातर्प्याहून आपल्या जुन्या गावी येते. तिच्यासोबत बारा वांगडांच्या, म्हणजे बारा मूळ घराण्यांच्या, बारा छत्र्या नाचत येतात. गुलाल उधळतो, ढोल वाजतात, आणि त्या गर्दीत हिंदूंबरोबर ख्रिस्ती गावकरीही असतात. धर्म बदलला, पण वांगड बदलले नाही. देवी पाहुणी म्हणून येते की माहेरवाशीण म्हणून, हे ज्याने त्याने ठरवावे.

झालेला अन्याय विसरावा, असे मी म्हणणार नाही. विसरला तर त्या छत्र्यांचा अर्थही हरवेल. पण आठवण ठेवण्याच्याही दोन तऱ्हा असतात. एक हिशेब मागत राहते, दुसरी वर्षातून एकदा घरी येऊन जाते.

आता झुवारीवर पूल आहे. देवाला जी नदी जिवावर उदार होऊन ओलांडावी लागली, ती मोटार काही मिनिटांत पार करते. वाचकहो, यंदाच्या सुट्टीत मंगेशीला गेलात, तर परतताना कुठ्ठाळीलाही थोडे थांबा. जुन्या देवळाच्या जागी तेथे चर्च आहे. त्याच्यासमोर उभे राहून नदीकडे पाहा. आपले देव किती दूरवरून आले आहेत, हे तेथून चांगले कळते.