सीआरपीतला ‘सी’

साल 1930. न्यूयॉर्कमध्ये, ईस्ट नदीच्या काठावर, रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या रुग्णालयात तुम्ही एका खाटेशेजारी उभे आहात. खाटेवरच्या माणसाला न्यूमोनिया झालाय. आज पाचवा दिवस. अंग तापाने फणफणलंय, नाकपुड्या फुलतायत. दर श्वासाला तो उजवी बरगडी हाताने दाबून धरतो. बेडका गंजासारखा तांबूस पडतो. डॉक्टर त्याच्या छातीवर बोट ठेवून ठोकून पाहतात. जिथे पोकळ आवाज यायला हवा तिथे भरल्या मडक्यासारखा बद्द आवाज येतो.

पेनिसिलिन दवाखान्यांत पोचायला अजून दशकभर अवकाश आहे. घोड्याच्या रक्तातून काढलेला सीरम काही प्रकारच्या जंतूंवर चालतो, सगळ्यांवर नाही. एरवी वाटच पाहायची. आठवड्याच्या सुमाराला घाम फुटून ताप एकदम उतरेल, किंवा माणूस जाईल.

तो बेडका घेऊन प्रयोगशाळेत या. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. जोडीजोडीने बसलेले हे न्यूमोकॉकस, आणि प्रत्येक जोडीभोवती फिकट कडं. ते कडं म्हणजे जंतूचं आवरण. ते बहुशर्करेचं, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्यांचं असल्याचं ऑस्वाल्ड एव्हरी आणि मायकल हायडेलबर्गर यांनी इथेच 1923 मध्ये दाखवलं. या आवरणामुळे पांढऱ्या पेशींना जंतू सहजी पकडता येत नाही. लंडनमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथने उंदरांना जंतू टोचून पाहिले: आवरण असलेल्यांनी उंदीर मेले, नसलेल्यांनी नाही. एवढ्या पातळ थरावर जगणं-मरणं ठरतं, हे मला आजही थक्क करून सोडतं.

आता पलीकडच्या टेबलाशी चला. विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस काम करतायत. परीक्षानळीत त्याच रुग्णाच्या रक्ताचा निवळ सीरम आहे. त्यात ते जंतूच्या आवरणाखालच्या भिंतीतला, सगळ्या न्यूमोकॉकसमध्ये सारखाच असणारा एक अंश मिसळतात. त्याला त्यांनी ‘सी’ म्हटलंय. थांबा. नळीतलं मिश्रण गढुळतं.

प्रतिपिंडं असतील, असं तुम्हाला वाटेल. मग बरं होताना ती वाढायला हवीत. पण दुसऱ्या एका रुग्णाचा ताप काल उतरला, त्याची नळी पाहा: स्वच्छ. आजार भरात असताना जे रक्तात होतं, ते बरं होताना नाहीसं होतंय.

टिलेट आणि फ्रान्सिसना न दिसलेला भाग तुम्ही पाहू शकता. खाटेपाशी परत या आणि त्या बद्द आवाजाच्या आत, वायुकोशात उतरा. आवरण जंतूला लपवतं, पण जंतू फुटला की खालच्या भिंतीचे तुकडे विखुरतात. शरीराच्या पेशी ते ओळखतात आणि हाकाटी करतात. केशवाहिन्या पाझरू लागतात, पांढऱ्या पेशींची रीघ लागते, हवेच्या जागी पाणी आणि पू साचतो. मऊ फुप्फुस यकृतासारखं घट्ट होतं. या माणसाचा श्वास जंतूइतकाच त्याच्या स्वतःच्या शरीराने उठवलेल्या या दाहाने कोंडलाय. मेलेल्या जंतूंचे तुकडेही ही आग पेटती ठेवतात. त्याच हाकाटीने यकृत एक प्रथिन रक्तात सोडतं, आणि नळी गढूळ करणारं ते हेच. ‘सी’शी जुळणारं म्हणून त्याचं नाव पडलं सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन.

सीआरपी. 2021 च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या लाटेत, घराघरांत ज्या आकड्याची धास्तीने वाट पाहिली गेली, तो या नळीतून आलाय.

आणि ते साखरेचं आवरण? तेच आज लशीत आहे. दोन वर्षांखालच्या बाळाचं शरीर नुसत्या साखरेला नीट दाद देत नाही, म्हणून ती प्रथिनाला जोडतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची अशी लस, दहा प्रकारांच्या आवरणांची, डिसेंबर 2020 मध्ये आली. सरकारी लसीकरणात न्यूमोकॉकसची लस, पीसीव्ही, मोफत मिळते: सहाव्या आठवड्याला, चौदाव्या आठवड्याला आणि नवव्या महिन्याला. घरात तान्हं बाळ असेल तर आजच त्याचं लसीकरण कार्ड काढून पाहा, आणि एखादा डोस राहिला असेल तर आशाताईंना विचारा.