प्रबंधाबाहेरचा निबंध

पीएच.डी. म्हटलं की आपल्याला वाटतं, एक विषय धरायचा आणि त्यातून मान वर काढायची नाही. पण ९ मे १९१६ चा दिवस बघा. न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर आलेले २५ वर्षांचे भीमराव आंबेडकर डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात निबंध वाचतायत. विषय, भारतातल्या जाती.

खरं तर त्यांचा मुख्य अभ्यास अर्थशास्त्राचा. पीएच.डी.चा प्रबंध १९२५ मध्ये पुस्तक म्हणून आला, तो प्रांतिक वित्तव्यवस्थेवर. मग हा निबंध कशासाठी? जे लहानपणापासून सोसलं, त्याचं मूळ त्यांना शास्त्राच्या कसोटीवर तपासायचं होतं. ते त्यांना सापडलं जातीतच लग्न करण्याच्या नियमात. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या प्रथा तोच नियम टिकवण्यासाठी आल्या, असं त्यांनी मांडलं.

मे १९१७ मध्ये निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. पुढे १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये तो सामावून घ्यायचा त्यांचा विचार होता, म्हणजे २० वर्षांनंतरही तो त्यांना जवळचा होता.

तेव्हा गाईड म्हणाले, ‘हे तुझ्या विषयात बसत नाही,’ तर ही तारीख आठवा!