दहा राग, तीन यंत्रे आणि आपला डीजे

पोळा झाला, दुसऱ्या दिवशी जाम नदीवरची गोटमार आटोपली, की आम्हा पांढुर्णावासीयांना गणपतीचे वेध लागतात. मंडळाच्या बैठकीतला वादही मग ठरलेलाच असतो. यंदा डीजे लावायचा की नाही? पोट्टे म्हणतात, लावायचाच. वडीलधारी मंडळी म्हणतात, ही विलायती थेरं आपल्या उत्सवात नकोत. आम्ही चाळिशी ओलांडलेले सरकारी नोकर. घरी म्हातारे आईवडील आहेत आणि कॉलेजात जाणारा मुलगाही, त्यामुळे आम्हाला दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात. म्हणूनच या डीजेचा इतिहास थोडा चाळून पाहिला. जे सापडले ते वाचकांपुढे ठेवतो.

आपल्याकडे डीजे म्हणजे गाडीवर रचलेली साउंडबॉक्सची भिंत. खरे तर डीजे म्हणजे माणूस, डिस्क जॉकी. तबकड्या निवडून, एकीचा ताल दुसरीत बेमालूम मिसळून तो रात्रभर लोकांना नाचवत ठेवतो. अमेरिकेतल्या शिकागो शहरात १९७७ साली 'वेअरहाऊस' नावाचा क्लब सुरू झाला. तिथे फ्रँकी नकल्स हा डीजे तबकड्या वाजवत असे. त्या क्लबच्या नावातूनच 'हाऊस' हे या संगीताचे नाव रूढ झाले, असे मानतात. चार मात्रांचा सरळ ठेका, प्रत्येक मात्रेवर ढोलासारखा एक ठोका आणि मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोक्यांची लय, ही त्याची ओळख. पुढे डीजे स्वतःच यंत्रांवर नवे संगीत रचू लागले. त्यांना आज प्रोड्यूसर म्हणतात.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. चरणजित सिंग हे मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीतले वादक. राहुलदेव बर्मन यांच्यासारख्या संगीतकारांच्या वाद्यवृंदांत त्यांनी वर्षानुवर्षे वाजवले. पडद्यावर नाव नायकाचे, तबकडीवर नाव गायकाचे. वादकाला कोण विचारतो? पण नव्या वाद्यांची त्यांना भारी हौस. जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रे त्यांच्याकडे आली: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे बास गिटारची जागा घेण्यासाठी काढलेले छोटेसे यंत्र. ही तिन्ही जोडून त्यांनी भैरवी, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. १९८२ साली त्याची तबकडी निघाली. ती फारशी खपली नाही आणि लोक विसरूनही गेले.

टीबी-३०३ची गतही तीच झाली. खऱ्या बास गिटारसारखे ते वाजेना, म्हणून १९८४च्या सुमारास कंपनीने ते बनवणेच थांबवले. जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागले. शिकागोच्या काही तरुणांनी ते घेतले, त्याची बटणे उलटसुलट फिरवली आणि त्यातून एक विचित्र, चिरका, गुंगवणारा आवाज निघाला. १९८७ साली 'फ्यूचर' या त्यांच्या चमूची 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही तबकडी आली आणि 'अ‍ॅसिड हाऊस' जगभर गाजले. त्या पोरांनी मुंबईची तबकडी ऐकली होती, असे कोणी म्हणत नाही. पण तेच यंत्र, तसाच ठेका आणि तसाच आवाज मुंबईत पाच वर्षे आधी वाजून गेला होता.

ही गोष्ट आपल्या लक्षात आली नाही. ती आली एका डच संग्राहकाच्या. २०१० साली त्यांनी ती तबकडी पुन्हा प्रसिद्ध केली आणि सत्तरीतल्या चरणजित सिंगांना युरोपातून बोलावणी आली. नातवंडे शोभतील अशा पोरांपुढे ते आपले राग वाजवू लागले. २०१५ साली ते गेले. अठ्ठावीस वर्षे आपल्याच घरी पडून असलेली वस्तू परक्याने दाखवावी लागली, याची आम्हाला खंत वाटते.

आता तरी तसे होऊ नये. क्रेटेक्स या नावाने ओळखला जाणारा कृणाल घोरपडे हा मराठी तरुण हाऊसच्या ठेक्यावर मराठी शब्द बसवतो. त्याला तो 'एम-हाऊस' म्हणजे मराठी हाऊस म्हणतो. श्रेयस सागवेकर यांच्यासोबतचे त्याचे 'तांबडी चामडी' २०२४ साली हॉलंडच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढले. १९५६ साली राज्ये वेगळी झाली, तेव्हा आपला भाग मध्य प्रदेशात राहिला. पण मराठी गाणे सीमा मानत नाही; हेही गाणे आमच्या गल्लीत पोहोचलेच.

तेव्हा वडीलधाऱ्यांना विनंती: घरातला मुलगा रात्री कॉम्प्युटरवर ठेका जुळवत बसला, तर एकदा कान देऊन ऐका. आणि पोट्ट्यांनो, तुम्हालाही सांगणे आहे. कायद्याने रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री दहानंतर उघड्यावर भोंगा बंद. छातीत धडकी भरवणाऱ्या भिंतीपुढे ना यमन ऐकू येतो, ना ठेका. भिंत उतरवा, माणसाला वाजवू द्या. बाप्पा चौसष्ट कलांचा अधिपती आहे. त्यात ही पासष्टावीही तो सामावून घेईल.

गणपती बाप्पा मोरया!