पुढे चालवणारे हात

एका लेखकाने उभे केलेले जग त्याच्या पश्चात दुसऱ्याने पुढे न्यावे का, आणि नेले तर वाचकाने ते कशाच्या आधारावर आपले म्हणावे, हा या अभ्यासाचा विषय आहे. विज्ञानकथेच्या वाचकांनी यावर जितक्या पोटतिडकीने वाद घातला आहे तितका फार थोड्या वाङ्मयप्रकारांच्या वाचकांनी घातला असेल. म्हणून सुरुवात तिथून करणे सोयीचे. मात्र या विषयात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या मराठी अभ्यासकाने तो परका समजू नये, ही माझी विनंती. पैठणला आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाडला या प्रश्नाचा जो उलगडा होतो, तो न्यूयॉर्क-लंडनच्या ग्रंथव्यवहारातून होत नाही, असे माझे मत आहे.

आयझॅक असिमॉव्ह यांच्या 'फाउंडेशन'च्या कथा १९४२ पासून प्रसिद्ध होऊ लागल्या. असिमॉव्ह १९९२ मध्ये गेले. त्यानंतर वारसांच्या संमतीने त्याच विश्वातल्या तीन कादंबऱ्या तिघांनी लिहिल्या: ग्रेगरी बेनफर्ड यांनी १९९७ मध्ये, ग्रेग बेअर यांनी १९९८ मध्ये आणि डेव्हिड ब्रिन यांनी १९९९ मध्ये. तिघेही नाणावलेले लेखक, त्यातले बेनफर्ड आणि ब्रिन तर शिक्षणाने भौतिकशास्त्रज्ञ. म्हणजे अधिकाराचा प्रश्न नव्हता. तरीही बेनफर्ड यांच्या कादंबरीत व्हॉल्टेअर आणि जोन ऑफ आर्क यांच्या संगणकीय प्रतिमा बोलू लागल्या, असिमॉव्हच्या यानांच्या जोडीला कृमिविवरांतून प्रवास सुरू झाला, आणि जुने वाचक बिथरले. हे आमचे विश्व नव्हे, अशी त्यांची तक्रार होती. ब्रिन यांनी असिमॉव्हच्या निरनिराळ्या पुस्तकांतल्या विसंगती जुळवून घेण्याचे काम मनापासून केले, आणि त्यांच्या वाट्याला वाचकांची माया अधिक आली.

फ्रँक हर्बर्ट यांच्या 'ड्यून'ची गोष्ट अधिक बोलकी आहे. मूळ कादंबरी १९६५ ची. हर्बर्ट १९८६ मध्ये वारले तेव्हा सहावा भाग नुकता येऊन गेला होता आणि कथा अधांतरी होती. १९९९ पासून त्यांचे पुत्र ब्रायन हर्बर्ट आणि केव्हिन अँडरसन यांनी आधी पूर्वकथा लिहिल्या, मग २००६ आणि २००७ मध्ये वडिलांच्या टिपणांच्या आधारे शेवट पुरा केल्याचे सांगून दोन कादंबऱ्या दिल्या. पुस्तके भरपूर खपली आणि तितकीच नाराजीही पदरी आली. नाराजी कशाबद्दल होती ते नीट पाहावे. फ्रँक हर्बर्टच्या पुस्तकांत विचार करणाऱ्या यंत्रांविरुद्ध मानवाने फार पूर्वी पुकारलेल्या बंडाचा उल्लेख अगदी त्रोटक येतो. अनेक वाचकांनी त्याचा अर्थ असा लावला होता की माणूस आपली बुद्धी यंत्रांच्या, आणि यंत्रे ताब्यात असलेल्या मूठभरांच्या, हवाली करून बसला होता आणि ते जोखड त्याने झुगारले. नव्या कादंबऱ्यांत हेच बंड दुष्ट यंत्रमानवांशी झालेल्या लढाईच्या रूपात आले. प्रसंग वाढले, पात्रे वाढली, आणि प्रश्न लहान झाला. वाचकांना खुपले ते हे. शैली वडिलांसारखी नाही, ही तक्रारही होतीच. पण ती तक्रार माणूस काही दिवसांनी विसरतो.

याच्या उलट स्टीफन बॅक्स्टर यांनी केले. एच. जी. वेल्स यांच्या 'द टाइम मशीन'ला शंभर वर्षे झाली त्या १९९५ साली त्यांची 'द टाइम शिप्स' ही अधिकृत उत्तरकथा आली. तिच्यात वेल्सच्या जगातले फारसे काही जागेवर उरत नाही. जमिनीखालचे भयंकर मॉर्लॉक इथे सूर्याभोवती कवच बांधून राहणारी शांत, अभ्यासू जमात झाले आहेत, आणि त्यांच्यातलाच एक जण कालप्रवाशाचा सोबती बनतो. इतकी उलथापालथ करूनही वाचकांनी ही कादंबरी उचलून धरली, पुरस्कारही मिळाले. कारण वेल्सने जो प्रश्न अर्धा सोडला होता, प्रवासी भविष्य पाहून परत आला म्हणजे ते भविष्य तसेच राहील का, तो बॅक्स्टरने हाती घेतला आणि पुंजभौतिकीच्या आधाराने शेवटपर्यंत नेला. माझे म्हणणे एवढेच की वाचक तपशिलाचा बदल क्षमा करतो, प्रश्नाचा बदल करत नाही. हे गृहीतक म्हणून घ्यावे आणि पुढच्या उदाहरणांवर घासून पाहावे.

आपल्याकडे ही परंपरा फार जुनी आहे. बाणभट्टाची 'कादंबरी' त्याच्या मुलाने, भूषणभट्टाने पुरी केली. काव्याच्या गर्वाने नव्हे, तर ग्रंथ अपुरा राहिल्याचे रसिकांना झालेले दुःख पाहून आपण हे काम हाती घेतले, असे तो सुरुवातीलाच सांगतो. वाचकाच्या मताला एवढे जुने आणि एवढे स्पष्ट स्थान दुसरीकडे क्वचितच मिळेल.

एकनाथांकडे तर या विषयाच्या दोन्ही बाजू एकाच माणसात आहेत. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि या ग्रंथात कोणी आपल्या पदरची भर घालू नये अशी ताकीद देऊन ठेवली. मात्र त्यांचे स्वतःचे 'भावार्थ रामायण' युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायावर थांबले आणि पुढचा भाग शिष्य गावबा याने रचला. परंपरेत गावबा हा पुरणपोळीचा हट्टी, जरा वेडसर मुलगा म्हणून येतो. एकनाथांनी रामायण पुरे करण्याचे काम पंडितांना सोडून त्याच्यावर सोपवले, असे सांगतात. ही कथा किती ऐतिहासिक आहे हा वेगळा प्रश्न. वाचकसमाजाने ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, यातच वाचकाचे मत दडले आहे. गावबाच्या ओव्या स्वीकारायच्या तर त्याला गुरूची आज्ञा हवी होती, आणि लोकांनी ती कथेतून मिळवून दिली. असिमॉव्हच्या वाचकांना वारसांचे संमतिपत्र कागदोपत्री मिळाले होते, तरी ते पुरले नाही. आज्ञेवर विश्वास बसायला लागणारी कथा त्यांच्याकडे नव्हती.

आता गंजाड. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यातले हे गाव आणि त्यातला कळंबीपाडा जगाला ठाऊक झाला तो जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे. १९३४ मध्ये तलासरीकडच्या धामणगावात जन्मलेले म्हसे पुढे इथे वाढले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी वारली चित्रांच्या शोधात या भागात आले आणि म्हसे यांची रेषा त्यांनी ओळखली. १९७५ मध्ये मुंबईत केमोल्ड गॅलरीत प्रदर्शन झाले, १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांचे पुत्र सदाशिव आणि बाळू हे दोघेही चित्रकार. त्यामुळे हर्बर्टांच्या बाबतीत वाचकांनी विचारला तोच प्रश्न आता गंजाडच्या चित्रांसमोर उभे राहणारे विचारतात: हे बापासारखे आहे का?

हा प्रश्न विचारण्याआधी थोडे मागे जावे लागते. म्हसे स्वतः कोणाचे काम पुढे चालवत होते? वारल्यांच्या घरी लग्नात कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो. तो लिहितात सवाशिणी. मध्ये पालघट देवी, भोवती नक्षीची चौकट, आणि धवलेरी लग्नाची गाणी म्हणते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. लग्न झाले, दिवस गेले, की भिंत पुन्हा सारवली जाते आणि चित्र पुसले जाते. पुढच्या लग्नात दुसऱ्या बाया तोच चौक नव्याने लिहितात. तिथे सही नाही, मूळ प्रत नाही, आणि म्हणून नक्कल झाल्याचे दुःखही नाही. चित्र बरोबर झाले की नाही हे ठरवण्याचा अधिकार मात्र पक्का आहे: ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांचा आणि धवलेरीचा. चौक देवीसाठी लिहिलेला आहे, आणि देवी त्यात नीट बसली पाहिजे, एवढीच त्यांची अट.

म्हसे यांनी बायांचे हे भिंतीवरचे काम लग्नाच्या बाहेर काढून कागदावर आणि कापडावर आणले आणि रोजचे केले. मासे धरायचे अवाढव्य जाळे, वारुळातल्या मुंग्या, तारप्याभोवतीचा नाच, शेतातली कामे, ऐकलेल्या गोष्टी, हे सारे त्यांच्या रेषेतून चित्रभर पसरले. ज्याला आज आपण मूळ मानतो तो चित्रकार स्वतः एका अनाम स्त्रीपरंपरेचा उत्तरलेखक होता, आणि त्याने तपशिलात फार मोठा बदल केला होता. तरी तो आपला वाटतो, याचे कारण शोधणे हे या अभ्यासाचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे काम आहे. मला ते असे दिसते: चौकातला प्रश्न, म्हणजे माणूस, जनावर, झाड आणि देव एका आवारात कसे राहतात, हा त्यांनी सोडला नाही. देवीची चौकट गेली, पण आवार राहिले.

गंजाडचेच मयूर आणि तुषार वायेडा हे भाऊ याहून पुढे गेले आहेत. तारा बुक्सने काढलेल्या त्यांच्या 'द डीप' या चित्रपुस्तकात वारली रेषेने समुद्राच्या पोटातले जग येते. डोंगर-जंगलाच्या समाजाची चित्रभाषा खोल पाण्यात नेणे ही कल्पना विज्ञानकथेच्या अगदी जवळची आहे. हे वारली आहे का, असा प्रश्न त्यावर येणारच. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि नावाला कायद्याचे कुंपण आले. शहरात चादरींवर, मगांवर, हॉटेलांच्या भिंतींवर कोणीही उमटवलेली त्रिकोणी माणसे पाहिली की हे कुंपण का हवे होते ते कळते. तिथे रेषा हुबेहूब असते आणि प्रश्न कधीच नाहीसा झालेला असतो. पण कोणता वारली चित्रकार कुठवर जाऊ शकतो, हे निर्देशांक सांगत नाही. ते ठरवणारे डोळे वेगळे आहेत, आणि त्यांचे मत अजून कोणी पद्धतशीर टिपून ठेवलेले माझ्या पाहण्यात नाही.

मराठी विज्ञानकथेकडे या अनुभवाने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि मराठीत या प्रकाराला नवी उभारी आली. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी तो वाढवला. पण आपल्याकडचा मुख्य घाट कथेचा, दिवाळी अंकाच्या पानांत मावणारा. वर्षानुवर्षे वाचक ज्यात राहायला जाईल असे दीर्घ विश्व क्वचितच उभे राहिले, म्हणून ते पुढे कोणी न्यावे हा वादही फारसा पेटला नाही. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. आपल्या कायद्याप्रमाणे त्यांच्या लेखनाचा स्वामित्वहक्क २०८५ अखेरपर्यंत राहील. तोवर त्यांच्या एखाद्या कथेचे बोट धरून कोणी पुढे निघाला तर संमती वारसांकडून घ्यावी लागेल. वाचकांची संमती मिळवणे हे त्याहून अवघड काम असेल, आणि ते व्हावे असे मला मनापासून वाटते. कथांतले अनेक प्रश्न अर्धे सोडलेले आहेत.

नव्या अभ्यासकाला पद्धतीबद्दल एकच सूचना. वाचकाचे मत नोंदवताना तो त्या जगात कोणत्या दाराने शिरला ते आधी विचारा. पंधराव्या वर्षी मूळ 'ड्यून' वाचलेला आणि पूर्वकथांपासून सुरुवात केलेला, हे दोघे एकाच पुस्तकावर बोलत नसतात. गंजाडलाही तसेच आहे. म्हसे यांचे चित्र दालनात पाहिलेला माणूस, आणि जिच्या हातचा चौक दर लग्नात पुसला गेला ती बाई, यांची मते एका तक्त्यात बसवू नका. पहिल्या गटाची मते पुस्तकांत आणि प्रदर्शनांच्या टिपणांत आहेत. दुसऱ्या गटाची नाहीत, आणि चौक लिहिणाऱ्या जुन्या बाया दर वर्षी कमी होत आहेत. ज्यांना या विषयात काम करायचे आहे त्यांनी ग्रंथालयाआधी डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर जावे, घरच्यांची परवानगी घेऊन लग्नाच्या दिवसांत थांबावे, आणि सदाशिव-बाळूंची, वायेडा बंधूंची चित्रे त्या बायांसमोर ठेवून त्या काय म्हणतात ते त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावे.