भूमिगत धन आणि इतिहासाची साक्ष

गुप्तधनाची गोष्ट ऐकली नाही असा माणूस आपल्या समाजात विरळाच. हंड्यावर वेटोळे घालून बसलेला नाग, पायाळू माणसाच्या डोळ्यांत घातलेले अंजन, अमावस्येची रात्र, ही सारी सामग्री आपल्या परिचयाची आहे. इंग्लंडातील पायाळू मात्र निराळा आहे. तो सुटीच्या दिवशी सकाळी उंच बूट चढवून नांगरलेल्या शेतात उतरतो, कानांना हेडफोन लावतो आणि लांब दांड्याच्या टोकाला बसविलेली एक चकती जमिनीलगत डावी-उजवी फिरवीत चालू लागतो. चकतीखाली धातू आला की कानात सूर उमटतो. मग गुडघे टेकून खणावयाचे. बहुधा निघतो तो गंजका खिळा किंवा बाटलीचे झाकण. क्वचित एखादे रोमन नाणे, एखादी अंगठी. हजारो सामान्य माणसांचा हा छंद आहे. त्याचा विचार येथे आम्ही इतिहासाच्या दृष्टीने करणार आहो. प्रश्न एकच आहे : मातीतून वर आलेले नाणे इतिहासाशी केव्हा बोलते आणि केव्हा मुके होते?

प्रथम यंत्राविषयी दोन शब्द. यंत्राच्या चकतीत तारेचे वेटोळे असते. त्यातून उलटसुलट वाहणारा विद्युत्प्रवाह सोडला म्हणजे भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. जवळ धातू असेल तर त्यातही क्षीण प्रवाह उत्पन्न होतात, आणि त्यांची चाहूल यंत्र पकडते. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल याने हे तत्त्व १८८१ मध्ये एका करुण प्रसंगी वापरून पाहिले. अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरात मारेकऱ्याची गोळी रुतली होती. ती शोधण्यासाठी बेलने आपले यंत्र आणले. परंतु डॉक्टरांनी शरीराची उजवी बाजूच तपासू दिली, गोळी होती डावीकडे. शिवाय गादीखालील पोलादी तारांनी यंत्राचा घोटाळा केला. अध्यक्ष वाचले नाहीत. पुढे दुसऱ्या महायुद्धात योझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने भूसुरुंग शोधण्याचे सुटसुटीत यंत्र बनविले आणि १९४२ मध्ये एल अलामीनच्या लढाईत त्याचा उपयोग झाला. युद्ध संपले आणि ट्रान्झिस्टरमुळे यंत्र हलके व स्वस्त झाले. सुरुंगाचा शोध घेणारे साधन नाण्यांच्या शोधाला लागले.

येथूनच कलहाला आरंभ झाला. पुरातत्त्वज्ञ म्हणू लागले की हे लोक आमची पोथी फाडून तिच्यातील सोनेरी अक्षरे तेवढी पळवितात. १९८० मध्ये त्यांनी या छंदाविरुद्ध मोहीमच उघडली. छंदी लोकांचे म्हणणे असे, की ज्या शेतात तुम्ही शंभर वर्षांत पाऊल टाकले नाही आणि जेथे दरवर्षी नांगर नाणी फोडीत असतो, तेथून आम्ही ती वाचवितो. दोन्ही पक्षांत तथ्य होते. सरे परगण्यात वानबरो येथे रोमन काळातील देवस्थानाची जागा उघडकीस आली, तेव्हा रात्रीच्या अंधारात यंत्रे घेऊन आलेल्या टोळ्यांनी ती अक्षरशः उकरून नेली. जुना कायदाही लंगडा होता. सोन्यारुप्याचे धन पुन्हा काढण्याच्या हेतूने पुरले असेल तरच ते राजाचे, असा मध्ययुगापासूनचा नियम होता. देवाला वाहिलेले नाणे कोणी परत काढण्यासाठी पुरीत नाही! म्हणजे देवस्थानातील नाणी नेमकी कायद्याच्या जाळ्यातून निसटत.

याच्या उलट उदाहरण १९९२ चे आहे. सफोक परगण्यातील हॉक्सन या गावी एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. ती शोधण्यास त्याने यंत्र बाळगणाऱ्या आपल्या मित्राला बोलाविले. हातोडी शोधता शोधता यंत्र निराळ्याच ठिकाणी वाजू लागले आणि सोन्यारुप्याची नाणी व चमचे वर आले. या गृहस्थाने त्यानंतर जे केले तेच या कथेचे मर्म होय : त्याने खणणे थांबविले आणि अधिकाऱ्यांना वर्दी दिली. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी येऊन उरलेला ठेवा जसा होता तसा, जागच्या जागी उकलला. १४,८६५ नाणी निघाली, शिवाय दागिने, चमचे, पेले अशा सुमारे २०० वस्तू.

जागच्या जागी उकलल्याचा लाभ काय झाला? लाकडी पेटी केव्हाच कुजून गेली होती. परंतु कड्या, बिजागऱ्या आणि वस्तूंची मांडणी यांवरून पेटीचा आकार कळला, आत लहान पेट्या होत्या हे कळले, भांडी गवतात जपून ठेवली होती हेही कळले. म्हणजे हा ठेवा चोराने घाईने कोंबलेला नसून कोणा श्रीमंत कुटुंबाने विचारपूर्वक पुरलेला होता. एका सोन्याच्या कंकणावर युलियाना नावाच्या गृहिणीसाठी शुभेच्छा कोरलेली आहे. सर्वांत अलीकडील नाणी इ. स. ४०७-४०८ ची आहेत. ४१० च्या सुमारास ब्रिटनवरील रोमन सत्ता संपली, हे ध्यानात घेतले म्हणजे या पेटीत एका घराची धास्ती भरलेली दिसते. रुप्याची बहुतेक नाणी कडेने कातरलेली आहेत. मात्र बादशहाच्या मुखवट्याला कात्री लागलेली नाही. नवी नाणी येणे थांबले होते, आणि लोक जुन्यांची कातरण जमवून निभावून नेत होते, असा त्याचा अर्थ. याच ठेव्यात मिरपूड ठेवण्याच्या चार रुपेरी कुप्या आहेत. ते मिरे आपल्या मलबार किनाऱ्यावरून जात. सफोकच्या मातीत हिंदुस्थानच्या व्यापाराची खूण अशी सापडते. हातोडीही सापडली, ती आज त्या धनाबरोबर ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

वानबरोची लाज आणि असे काही चांगले अनुभव यांतून १९९६ चा कायदा झाला. हेतूची अट गेली. तीनशे वर्षांहून जुनी, सोन्यारुप्याचा ठराविक अंश असलेली वस्तू सापडली की चौदा दिवसांत कॉरोनरला कळवावे. संग्रहालयाला ती हवी असल्यास तज्ज्ञांची समिती किंमत ठरविते, आणि ती रक्कम सामान्यतः शोधणारा व जमिनीचा मालक यांत वाटली जाते. कायद्यात न बसणाऱ्या लहानसहान वस्तूंसाठी १९९७ पासून स्वेच्छेने नोंद करण्याची व्यवस्था सुरू झाली, आणि तीत आजवर पंधरा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या आहेत. प्रत्येक नोंदीत वस्तू कोठे मिळाली हे लिहिलेले असते. इतिहासाच्या दृष्टीने सोन्याचे मोल तेथे आहे.

कायदा झाला म्हणून लोभ संपला असे नाही. २०१५ या एकाच वर्षी नवव्या शतकातील, राजा अल्फ्रेडच्या काळचे दोन ठेवे सापडले. ऑक्सफर्डशरमधील वॉटलिंग्टन येथील ठेवा मिळविणाऱ्याने तत्काळ कळविले. मातीच्या ढेकळासकट तो उचलून ब्रिटिश म्युझियममध्ये उकलण्यात आला. हेरफर्डशरमधील ठेवा दोघांनी दडवून गुपचूप विकावयास काढला. २०१९ मध्ये त्यांना कारावासाची शिक्षा झाली. पण सुमारे ३०० नाण्यांपैकी बहुतेक आजही हाती लागलेली नाहीत. दोन्ही ठेव्यांत वेसेक्सचा अल्फ्रेड आणि मर्सियाचा केओलवुल्फ या दोघांच्या नावांची, शेजारी शेजारी बसलेले दोन बादशहा दाखविणारी नाणी होती. अल्फ्रेडच्या पक्षाच्या बखरीने केओलवुल्फला मूर्ख, परक्यांच्या हातचे बाहुले असे हिणविले आहे. नाणी सांगतात की हे दोन राजे बरोबरीचे मित्र होते. विजेत्याने लिहिलेल्या इतिहासावर पराभूताची बाजू मांडणारा हा साक्षीदार; आणि त्याचीच अर्धीअधिक जबानी चोरांनी बाजारात उधळली!

हा न्याय आपल्याकडेही लागू पडतो. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या रुप्याच्या नाण्यांचा प्रचंड ठेवा सापडला. येथे यंत्र नव्हते. दैवाने तो हाती आला. नाणी तेरा हजारांवर होती, आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा उमटविलेला होता. गौतमीपुत्राने क्षहरातांचा वंश निर्मूल केला असे त्याच्या मातेच्या, बलश्रीच्या, नाशिक येथील लेखात सांगितले आहे. मातेने पुत्राची थोरवी गाइली, असे म्हणून कोणी ते बाजूला सारू शकला असता. परंतु नऊ हजार नाण्यांची साक्ष कोण नाकारील? असे एकच नाणे सराफाच्या पेढीवर दिसले असते तर ते कुतूहलाची वस्तू ठरले असते. एकत्र राहिल्यामुळे आणि रेव्हरंड स्कॉट यांनी सारा ठेवा अभ्यासून त्याची हकीकत प्रसिद्ध केल्यामुळे तो सातवाहनांच्या इतिहासाचा आधारस्तंभ झाला. सोनाराच्या मुशीत गेला असता तर त्याची काही शेर चांदी झाली असती आणि एका राजवटीचा पुरावा धुरात गेला असता.

आपल्याकडे १८७८ पासून निखात निधीचा कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडले तर कलेक्टरला कळविणे त्याने बंधनकारक केले. धनाला कोणी मालक ठरला नाही तर, दुसरा काही करार नसल्यास, तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक हिस्सा जमीनमालकाला. सरकारला ठेवा हवा असेल तर धातूची किंमत व वर एक-पंचमांश. म्हणजे प्रामाणिक माणसाला रिकाम्या हाती पाठविण्याचा कायद्याचा हेतू नाही. संरक्षित स्थळी मात्र परवान्यावाचून उत्खनन करता येत नाही, मग हाती यंत्र असो वा कुदळ.

तेव्हा निष्कर्ष काय काढावयाचा? छंद वाईट नाही. जमिनीखाली काय आहे याची जिज्ञासा हीच पुरातत्त्वविद्येचीही जननी आहे. हॉक्सनचा शोधक आणि हेरफर्डशरचे चोर यांच्या हाती एकाच जातीचे यंत्र होते; फरक पडला तो सूर वाजल्यानंतर. विहीर खणताना, पाया काढताना, नांगर धरताना आपल्यापैकी कोणाच्याही पायाशी उद्या एखादे गाडगे फुटू शकते. त्या वेळी हात आवरावा, खोली आणि जागा पाहून ठेवावी, एकाही नाण्याला चिंच किंवा राख लावून घासू नये, ठेवा फोडून वाटून घेऊ नये आणि कलेक्टर कचेरीला वर्दी द्यावी. एवढे केल्याने एका माणसाचे फार तर थोडे धन कमी होईल. पण ज्यांनी आपल्याविषयी दुसरा एकही शब्द मागे ठेवला नाही, अशा लोकांचे म्हणणे त्यामुळे ऐकू येईल.