शहाजोग हुंडीची कुळकथा

अमली पदार्थांच्या टोळ्यांची काळी कमाई उजळ करून देणाऱ्या मध्यस्थांच्या कथा हल्ली मोठ्या आवडीने वाचल्या जातात. एका शहरात रोकड स्वीकारावी आणि दुसऱ्या शहरात तितकीच रोकड मोजून द्यावी, वाटेवर मात्र एक पैसाही दिसू नये, ही त्यांतील युक्ती वाचकास अगदी अलीकडची वाटते. वस्तुतः तिचे कूळ जुने आहे. आणि त्या कुळाचा मूळपुरुष जी हुंडी, ती चोरांच्या सोयीसाठी नव्हे, तर चोरांच्या हाती द्रव्य लागू नये म्हणून निपजली, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

मलिक अंबराने 1610 साली वसविलेली खडकी, जिला पुढे 1653 मध्ये दक्षिणेच्या सुभेदारीवर आलेल्या औरंगजेबाने औरंगाबाद हे नाव दिले, आणि जी आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखली जाते, ती सुरतेहून गोवळकोंड्यास जाणाऱ्या व्यापारी मार्गावरील पेठ होती. लष्कराचा तनखा, कापडाची किंमत, सरकारी वसूल, सारेच द्रव्य येथून दूरदूर पोहोचवावे लागे. आणि रुप्याची थैली बैलावर लादून घाट उतरायचा म्हणजे पहारेकऱ्यांचा खर्च सोसूनही जिवावरचा धोका पत्करण्यासारखेच होते. हिंदुस्थानातले खेडे कितीही लहान असले तरी तेथे सराफ असतो आणि तो हुंडी लिहून देतो, असे सतराव्या शतकातील फ्रेंच रत्नव्यापारी तावर्निये याने नमूद केले आहे. सुरतेवर पटणाऱ्या हुंडीची हुंडणावळ त्याच्या नोंदीप्रमाणे बऱ्हाणपुरास शेकडा अडीच ते तीन, लाहोरास सव्वासहा, तर ढाक्यास दहापर्यंत चढे. जितका पल्ला लांब तितकी आकारणी अधिक, हा त्या व्यवहाराचा सरळ न्याय होता.

हुंडीचा कागद जवळून पाहिला म्हणजे तो लिहिणाऱ्याची सावधगिरी थक्क करते. रक्कम आकड्यात लिहायची, अक्षरी लिहायची, तेवढ्यावर न थांबता तिची निमपट सांगून ‘त्याची दुप्पट’ असेही लिहायचे, आणि पाठीवर कोठा आखून त्यात ती पुन्हा मांडायची. म्हणजे एखादे शून्य वाढवू पाहणाऱ्याला चार ठिकाणी खोटेपणा करावा लागे. कागद गहाळ झाला तर पेठ, म्हणजे दुसरी प्रत, आणि तीही हरवली तर परपेठ, म्हणजे तिसरी, लिहून मिळे. दर्शनी हुंडी दाखविताच पटे, मुदतीची मुदत भरल्यावर. या सर्व प्रकारांत मला सर्वांत थोर वाटते ती शहाजोग हुंडी. तिचे पैसे कागद आणील त्या कोणासही द्यावयाचे नसत. ते बाजारात पत असलेल्या, ज्याचे घर आणि पेढी सर्वांस ठाऊक आहे अशा शहासच द्यावयाचे असत. पुढे ती हुंडी चोरीची वा बनावट ठरली, तर ज्याच्याकडून ती आली तो मनुष्य त्या शहाने हजर करावा, नाहीतर रक्कम व्याजासह परत भरावी, असा दस्तूर होता. चोराला कागद लाभला तरी पैसा लाभू नये, एवढी दूरदृष्टी त्या एका शब्दात साठविलेली होती. 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमानेही देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रूढीस हात लावला नाही.

निजामी अमलात मराठवाड्यात हाली शिक्का चाले आणि इंग्रजी मुलखात कलदार. सात हालीस सहा कलदार असा भाव असल्याने सरहद्दीवरील बटाव, म्हणजे नाण्यांची अदलाबदल, हाच येथील सराफांचा नित्याचा धंदा होऊन बसला. ही कामे उघड्या गादीवर, रोजकीर्दीत नोंद करून चालत.

बिघाड झाला तो पुढे. परकीय चलनावर दुसऱ्या महायुद्धापासून निर्बंध आले, 1973 च्या कायद्याने ते फार कडक केले, आणि आखातात राबणारा मजूर आपली मिळकत बँकेच्या भावाहून चढ्या भावाने घरी पोहोचवू पाहू लागला. तेव्हा हुंडीचा वेग राहिला, कागद मात्र गेला. फोनवर सांगितलेला दहाच्या नोटेचा क्रमांक हीच ओळख झाली; ती नोट दाखवील त्यास पैसे, तो कोण हे विचारायचे नाही. शहाजोग हे कलम एवढेच गळले होते, आणि तेवढ्यानेच मजुराच्या वाटेने मादक द्रव्यांचा पैसाही वाहू लागला. मजुराला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. त्याची कमाई घामाची होती.

या प्रश्नाची धग आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यालाही लागली आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने अहमदाबादच्या गुन्हे शाखेसह येथे छापे घातले, तेव्हा एका घरातून सुमारे 23 किलो कोकेन, मेफेड्रोन आणि अंदाजे 30 लाख रुपये रोख हाती लागले. पैठणच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यातही मेफेड्रोन व केटामाइन सापडले. एकूण किंमत 250 कोटींहून अधिक सांगण्यात आली. एवढ्या मालाचा पैसा घरात साठवून ठेवता येत नाही, त्याला कोठेतरी नाव आणि उगम मिळवून द्यावाच लागतो. आणि तेथेच 2002 चा धनशोधन प्रतिबंधक कायदा आडवा येतो. खातेदाराची ओळख पटवा, मागचा खरा धनी कोण ते शोधा, नोंदी जपून ठेवा, असे तो कायदा बँकांना बजावतो. आमच्या जुन्या सराफांना हे नवीन वाटले नसते.