बाजार संशोधन : आधी निर्णय, मग प्रश्नावली

व्यवसायातील एखादा निर्णय घेण्यासाठी ग्राहक, स्पर्धक व बाजारपेठ यांविषयी पद्धतशीरपणे माहिती मिळवणे म्हणजे बाजार संशोधन. प्रथम घ्यावयाचा निर्णय निश्चित करावा व त्यावरून संशोधनाचा प्रश्न ठरवावा. मग उपलब्ध माहिती तपासून नमुना, पद्धत, खर्च व मुदत ठरवावी.

मूळ प्रश्न अपुरा असेल, तर मोठा नमुनाही उपयोगी पडत नाही. अमेरिकेतील कोका-कोला कंपनीने नव्या चवीसाठी सुमारे २ लाख ग्राहकांच्या चाचण्या घेतल्या. त्यांत नवी चव सरस ठरली. २३ एप्रिल १९८५ रोजी तिची घोषणा झाली आणि जुने पेय बंद करण्यात आले. ग्राहकांच्या तीव्र नाराजीमुळे जुलैमध्येच ते परत आणावे लागले. चाचण्यांनी चव मोजली. निर्णय मात्र जुने पेय काढून घेण्याचा होता. त्याच्याविषयीची ग्राहकांची आपुलकी त्या चाचण्यांत मोजलीच गेली नव्हती.

म्हणून प्रत्येक प्रश्नापुढे, कोणते उत्तर आल्यास आपण काय करू, हे आधीच लिहून ठेवावे. ज्या प्रश्नाच्या उत्तराने निर्णयात काहीच फरक पडणार नाही, तो प्रश्न गाळावा.